यीस्ट इन्फेक्शन: आधी खात्री, मग औषध, मग कारणाचा शोध

खाज सुटली की बहुतेक जण आधी मलम शोधतात आणि कारण नंतर. यीस्ट इन्फेक्शनच्या बाबतीत हाच क्रम महागात पडतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ‘आपल्याला यीस्टचाच संसर्ग झालाय’ असं स्वतःच ठरवून दुकानातून औषध घेणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली गेली. त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना फक्त यीस्टचा संसर्ग होता. उरलेल्यांपैकी काहींना जीवाणूंमुळे होणारा त्रास होता, काहींना एकाच वेळी दोन संसर्ग होते, आणि काहींना तर कसलाच संसर्ग नव्हता. म्हणजे बहुतेकींनी चुकीच्या किंवा अपुऱ्या औषधावर दिवस काढले असते, आणि खरा आजार तसाच राहिला असता.

म्हणूनच या लेखात औषधं चौथ्या पायरीवर आली आहेत. आधीच्या तीन पायऱ्या गाळून थेट तिथे जाऊ नका, ही मनापासून विनंती.

पायरी १: हे यीस्ट शरीरात आधीपासूनच असतं, हे समजून घ्या

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. माणसाला त्रास देणाऱ्या यीस्टमध्ये सर्वांत जास्त आढळतं ते कॅन्डिडा, आणि त्यातही कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात. ते बाहेरून येऊन हल्ला करतं असा समज आहे, पण बहुतेक वेळा तसं नसतं. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेवर ते मुक्कामाला असतं. साधारण १० ते २० टक्के स्त्रियांच्या योनीमार्गात कसलाही त्रास नसताना कॅन्डिडा सापडतं. त्यामुळे तपासणीच्या अहवालात ‘कॅन्डिडा आढळलं’ एवढंच लिहिलं असेल आणि तक्रार काहीच नसेल, तर उपचारांची गरज नसते.

मग ते गप्प कसं राहतं? योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. तिथला पीएच (आम्लता मोजण्याचं माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) त्यामुळे साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि इतर जंतूंना डोकं वर काढायला जागा मिळत नाही. आतड्यातही जीवाणूंची गर्दी यीस्टला आवर घालते. शिवाय रोगप्रतिकारक पेशींचा पहारा असतोच.

हा तोल ढळला की यीस्टचं रूप बदलतं. एरवी गोल असणाऱ्या पेशी लांब तंतू काढू लागतात आणि हे तंतू त्वचेच्या वरच्या थरात घुसतात. तंतूंमधून कॅन्डिडालायसिन नावाचं विष स्रवतं. त्याचा शोध २०१६ मध्ये जाहीर झाला. हे विष आपल्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. शरीराला धोक्याची वर्दी मिळते, पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि लाली, सूज, आग, खाज सुरू होते. यातला बराचसा त्रास आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा असतो. एखादीच्या तपासणीत यीस्ट थोडंसंच दिसतं तरी ती खाजेने हैराण असते, आणि दुसरीला भरपूर यीस्ट असून पत्ताही नसतो, ते यामुळेच.

तोल ढळण्याची कारणं ठरावीक आहेत. घसादुखीसाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी घेतलेली अँटिबायोटिक्स लॅक्टोबॅसिलसनाही मारतात, आणि यीस्ट बुरशी असल्याने त्याला मात्र त्यांचा धक्का लागत नाही. गोळ्यांचा कोर्स सुरू असताना किंवा संपताच खाज सुरू झाली, तर संशय घ्यायला जागा आहे. आटोक्यात नसलेला मधुमेह हे दुसरं मोठं कारण: स्रावांत आणि लघवीत साखर वाढते आणि पांढऱ्या पेशींची ताकदही कमी होते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी मधुमेहाची औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांच्या यीस्ट संसर्गाचा धोका वाढतो. पण म्हणून ती औषधं मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे योनीमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि यीस्टला पोषक वातावरण मिळतं. दीर्घकाळ स्टेरॉइड, केमोथेरपी, एचआयव्ही यांमध्ये पहाराच कमकुवत होतो. आणि त्वचेच्या घड्यांत घाम, ओल आणि घर्षण एवढंही पुरतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण यावरून घराघरांत विनाकारण संशय निर्माण होतात. यीस्ट इन्फेक्शन हा लैंगिक आजारांत मोडत नाही. ज्यांचे शरीरसंबंधच नाहीत, त्यांनाही तो होतो. जोडीदाराला काही त्रास नसेल तर त्याच्यावर सरसकट उपचार करावे लागत नाहीत.

पायरी २: जागा आणि लक्षणं नीट पाहा

सर्वांत जास्त बोललं जातं (किंवा खरं तर बोललं जात नाही) ते योनीमार्गाच्या संसर्गाबद्दल. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. इतक्या सर्रास होणाऱ्या गोष्टीची लाज बाळगून महिनोनमहिने अंगावर काढण्यात काहीच अर्थ नाही. मुख्य लक्षण म्हणजे खाज, बहुतेकदा असह्य. बाहेरची त्वचा लाल, सुजलेली, कधी कधी बारीक चिरा पडलेली. लघवी करताना आग होते, पण ती आतून नव्हे, तर लघवी त्या चिरांना लागते म्हणून. शरीरसंबंधांच्या वेळी दुखतं. अंगावरून घट्ट, पांढरं, फाटलेल्या दुधासारखं जातं आणि त्याला वास जवळपास नसतोच. प्रत्येकीला हा स्राव दिसेलच असं मात्र नाही. काहींना नुसती खाज आणि लाली असते.

आता यासारखे दिसणारे आजार. स्राव पातळ, करडा-पांढरा आणि माशांसारखा वास येणारा असेल, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसची (योनीमार्गातल्या जीवाणूंचा तोल बिघडून होणाऱ्या त्रासाची) शक्यता जास्त. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गाचा विचार करावा लागतो, आणि तो मात्र लैंगिक संबंधांतून पसरतो. साबण, सुगंधी वाइप्स, पॅड यांच्या ॲलर्जीनेही अशीच खाज सुटते. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी हे विशेष महत्त्वाचं. त्या वयात यीस्टचा संसर्ग तुलनेने कमी होतो (मधुमेह असेल किंवा हार्मोनचे उपचार चालू असतील तर गोष्ट वेगळी), आणि खाजेमागे योनीमार्गाचा कोरडेपणा किंवा लायकेन स्क्लेरोसससारखा त्वचेचा आजार असू शकतो. तिथे बुरशीची मलमं लावत बसल्याने निदानाला उशीर होतो.

तोंडातल्या संसर्गात जिभेवर, गालांच्या आत, टाळूवर पांढरे ठिपके किंवा थर दिसतात. लहान बाळांमध्ये हा थर दुधाचा समजून सोडून दिला जातो. ओळखायची खूण अशी: स्वच्छ, ओल्या गॉजने अगदी हलक्या हाताने पुसून पाहा. दूध असेल तर सहज निघून जातं आणि खालची जीभ नेहमीसारखी गुलाबी असते. यीस्टचा थर चिकट असतो, आणि निघालाच तर खाली लालभडक, हुळहुळी जागा दिसते, तिथून थोडं रक्तही येऊ शकतं. निघत नसेल तर खरवडू नका. मोठ्या माणसांत दम्याचा स्टेरॉइड इनहेलर, कवळी, कोरडं तोंड ही नेहमीची कारणं. कवळीखालचा संसर्ग पांढरा नसून लाल असतो, म्हणून लक्षात येत नाही. ओठांच्या कोपऱ्यांत पडणाऱ्या चिरांमध्येही अनेकदा यीस्ट असतं. यांपैकी कुठलंच कारण नसताना प्रौढ व्यक्तीच्या तोंडात असा थर आला, तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासायला हवेत. त्यासोबत गिळताना छातीत दुखत असेल, तर संसर्ग अन्ननलिकेपर्यंत पोचलेला असू शकतो. तिथे तोंडात लावायची औषधं पुरत नाहीत.

त्वचेवर जागा ठरलेल्या: जांघा, काखा, स्तनांखाली, पोटाच्या वळ्यांत, बाळाच्या लंगोटाखाली. घडीच्या अगदी आत लालभडक, ओलसर चट्टा दिसतो आणि त्याच्या कडेबाहेर सुटे सुटे लाल पुरळ किंवा बारीक पुळ्या विखुरलेल्या असतात. हे विखुरलेलं पुरळ म्हणजे यीस्टची सही समजा. गजकर्णात कड उठावदार असते आणि मधला भाग साफ होत जातो. गजकर्ण वेगळ्या बुरशीमुळे होतं आणि निस्टॅटिनसारखं यीस्टवरचं औषध त्यावर चालत नाही. बाळाच्या बाबतीत एक निरीक्षण उपयोगी पडतं: लघवीमुळे आलेली लाली उंचवट्यांवर जास्त असते आणि घड्यांत कमी, तर यीस्ट घड्यांतच ठाण मांडून बसतं.

पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकावर लाली, खाज, पांढरा थर येतो. त्वचा मागे सरकवताना चिरा पडत असतील, तर पहिला प्रश्न साखरेचा. मधुमेहाचं निदानच या तक्रारीतून झालेली माणसं कमी नाहीत.

शिबं आणि डोक्यातला कोंडा यांच्यामागेही यीस्टच असतं, पण ते मॅलसेझिया नावाचं, वेगळ्या कुळातलं. त्यांचे उपचार वेगळे, म्हणून इथे नाहीत.

पायरी ३: खात्री करून घ्या

तपासणी सोपी असते. डॉक्टर कापसाच्या काडीने स्राव घेतात आणि त्याचा पीएच पाहतात. यीस्ट असेल तर पीएच सहसा नेहमीसारखा, ४.५ पेक्षा कमीच राहतो. तो त्याहून वाढलेला असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस किंवा ट्रायकोमोनासकडे लक्ष जातं. मग काचपट्टीवर स्रावाचा थेंब घेऊन त्यात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकतात. हे रसायन आपल्या पेशी विरघळवून टाकतं, बुरशीची भिंत मात्र तशीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली मग कोंब फुटलेल्या गोल पेशी आणि लांब तंतू स्पष्ट दिसतात.

काचपट्टीवर काही दिसलं नाही म्हणजे यीस्ट नाहीच असं नव्हे. लक्षणं तीच असतील तर कल्चर करायला हवं, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायला हवी. संसर्ग वारंवार होत असेल तर कल्चरचा आग्रह तुम्ही स्वतः धरा, कारण जात कोणती हे कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही. आणि तपासणीला जाण्याआधी एक-दोन दिवस योनीमार्गात कुठलंही क्रीम घालू नका, नमुना बिघडतो.

पूर्वी निदान झालेलं आहे, लक्षणं अगदी तीच आहेत आणि बऱ्याच दिवसांनी आली आहेत, अशा वेळी औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने क्रीम लावून बघणं चालू शकतं. मात्र पहिलीच वेळ असेल, गरोदर असाल, वय १६ पेक्षा कमी किंवा ६० पेक्षा जास्त असेल, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल, तर आधी डॉक्टर. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा व्रण, अवेळी रक्तस्राव यांपैकी काही असेल तर ते साधं यीस्ट नाही असंच धरून चाला.

पायरी ४: उपचार, आणि ते कसे घ्यायचे

बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, आपल्या पेशींत तो नसतो. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही औषधं बुरशीला तो तयार करू देत नाहीत. निस्टॅटिन त्यालाच चिकटून आवरण फोडतं. जीवाणूंवरची अँटिबायोटिक्स इथे का चालत नाहीत, याचं उत्तर यातच आहे.

योनीमार्गाच्या साध्या संसर्गात दोन मार्ग आहेत: आत ठेवायची क्रीम किंवा गोळी, नाहीतर तोंडाने घ्यायची फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी. दोन्ही जवळपास सारखेच गुणकारी आहेत आणि कोर्स पूर्ण करणाऱ्या ८० ते ९० टक्के रुग्णांना आराम पडतो. आत ठेवायचं औषध रात्री झोपताना घ्या, म्हणजे ते बाहेर ओघळत नाही. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून अॅप्लिकेटर सहज जाईल तितकाच आत सरकवायचा, जोर लावायचा नाही. टॅम्पून वापरू नका, ते औषध शोषून घेतं. तेलकट क्रीममुळे लेटेक्सचा कंडोम कमजोर होतो, हे पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. दोन-तीन दिवसांत खाज कमी होते, पण कोर्स ठरल्याप्रमाणे पूर्ण करा. आठवड्याभरात फरक पडला नाही, तर तेच औषध पुन्हा आणू नका, निदान पुन्हा तपासा.

सूज आणि चिरा जास्त असतील, तर फ्लुकोनाझोलच्या दोन-तीन गोळ्या ७२ तासांच्या अंतराने दिल्या जातात.

फ्लुकोनाझोलची गोळी सहज मिळते म्हणून निरुपद्रवी समजू नका. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, मधुमेहाच्या काही गोळ्या, कोलेस्टेरॉलवरची काही औषधं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी औषधं यांच्याशी ती अडचणीची ठरते. वॉरफरिन घेणाऱ्यांनी तोंडात लावायचं मायकोनाझोल जेलसुद्धा विचारल्याशिवाय वापरू नये, त्यानेही रक्तस्रावाचा धोका वाढतो. गरोदरपणात गोळी टाळतात आणि क्रीमचा सात दिवसांचा कोर्स देतात.

तोंडासाठी निस्टॅटिनचं द्रावण असतं. ते लगेच गिळायचं नाही, तोंडात जमेल तितका वेळ खेळवायचं, आणि त्यानंतर थोडा वेळ काही खायचं-प्यायचं नाही. चार महिन्यांपेक्षा लहान बाळाला मायकोनाझोल जेल देऊ नका, घट्ट जेल घशात अडकू शकतं. कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून, भिजत ठेवायला हवी. कवळीवरचं यीस्ट तसंच राहिलं तर तोंडातला संसर्ग परत येतोच. इनहेलर घेणाऱ्यांनी स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) वापरावा आणि प्रत्येक वेळी चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाकावं. इनहेलर मात्र बंद करायचा नाही.

त्वचेच्या बाबतीत माझं ठाम मत आहे की कोरडेपणा हा निम्मा उपचार आहे. घडी नीट उघडून, टिपून कोरडी करा, घासू नका. हेअर ड्रायरची थंड हवा चांगली उपयोगी पडते. मग क्रीमचा पातळ थर दिवसातून दोनदा. जाड थराने उलट ओल टिकून राहते. त्वचा साफ दिसू लागल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत चालू ठेवा. आणि स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक असं तिन्ही एकत्र असलेलं मलम स्वतःहून लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून ते आवडतं, पण स्टेरॉइडमुळे तिथला प्रतिकार दबतो, बुरशी पसरते, जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमचे पांढरट पट्टे उमटतात. हे नुकसान भरून येत नाही.

घरगुती उपायांबद्दल: लसूण, व्हिनेगर, इसेन्शियल ऑइल योनीमार्गात घालू नका. आधीच सोललेल्या त्वचेवर त्याने भाजल्यासारखे चट्टे येतात. आतून पाण्याने किंवा औषधी द्रावणाने धुणंही टाळा, त्यात उपयोगी लॅक्टोबॅसिलस वाहून जातात. बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे.

पायरी ५: पुन्हा पुन्हा होत असेल तर

वर्षात तीन किंवा अधिक वेळा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. इथे दर वेळी एक गोळी घेऊन वेळ मारून नेणं बंद करा. कल्चर करून घ्या, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. साधारण उपचार दोन टप्प्यांत असतो. आधी काही दिवसांचा जोरदार कोर्स, मग आठवड्यातून एकदा फ्लुकोनाझोल, असं सहा महिने. या काळात बहुतेकींना त्रास होत नाही. मात्र गोळ्या थांबल्यावर पुढच्या सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक जणींना तो परत होऊ शकतो, हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे मन खचत नाही.

कल्चरमध्ये कॅन्डिडा ग्लाब्राटासारखी जात निघाली तर फ्लुकोनाझोल अनेकदा चालत नाही. तिथे डॉक्टर ६०० मिलिग्रॅम बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल रोज एक, तीन आठवडे योनीमार्गात ठेवायला देतात. ही कॅप्सूल तोंडाने घेतली तर विष आहे. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि गरोदरपणात अजिबात नको.

याच टप्प्यावर, कंटाळलेल्या रुग्णाच्या कानावर ‘शरीरभर कॅन्डिडा वाढलंय’ ही कल्पना येते. थकवा, डोकं जड होणं, पोट फुगणं या सगळ्याचं खापर यीस्टवर फोडून कडक पथ्य आणि महागडी पूरक औषधं दिली जातात. ग्लासभर पाण्यात थुंकून निदान करण्याची पद्धतही सांगितली जाते, तिला काहीही आधार नाही. १९९० मध्ये अशा तक्रारी असलेल्या स्त्रियांवर निस्टॅटिनची काटेकोर चाचणी झाली. योनीमार्गाचा त्रास कमी झाला, पण थकव्यासारख्या तक्रारींवर खोट्या औषधापेक्षा जास्त गुण आला नाही. थकवा खरा असतो. त्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, झोप आणि मनावरचा ताण तपासायला हवा. मधुमेह नसलेल्या माणसाने सगळी साखर सोडली की यीस्ट मरतं, असंही सिद्ध झालेलं नाही.

पायरी ६: रक्तातला संसर्ग कधी संभवतो

जांघेतलं किंवा योनीमार्गातलं यीस्ट निरोगी माणसाच्या रक्तात शिरत नाही, ही भीती मनातून काढून टाका. रक्तातला कॅन्डिडा संसर्ग हा मुख्यतः रुग्णालयातला आजार आहे. अतिदक्षता विभागातले रुग्ण, मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत नळी असलेले, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेले, केमोथेरपी चालू असलेले, अगदी कमी वजनाची बाळं यांना तो होतो. अँटिबायोटिक्स चालू असूनही ताप उतरत नाही, हे त्याचं नेहमीचं रूप. रक्ताच्या कल्चरमध्ये तो अनेकदा सापडतही नाही, म्हणून डॉक्टर संशयावरूनही औषध सुरू करतात. ते शिरेतून दिलं जातं, शक्य तेव्हा नळी काढली जाते आणि डोळ्यांचा पडदा तपासला जातो, कारण यीस्ट तिथे जाऊन बसू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी जाहीर केली. तिच्या सर्वांत गंभीर गटात कॅन्डिडा अल्बिकन्सबरोबर कॅन्डिडा ऑरिस आहे. ऑरिसची नोंद पहिल्यांदा २००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानातून झाली. ते अनेक औषधांना दाद देत नाही, खाटा-उपकरणांवर बराच काळ टिकतं आणि काही नेहमीच्या जंतुनाशकांनाही पुरून उरतं. नातेवाईक दाखल असेल तर खोलीत जाताना आणि बाहेर पडताना हात सॅनिटायझरने किंवा साबणाने स्वच्छ करा. ‘नळीची गरज अजून आहे का?’ हे डॉक्टरांना रोज विचारायला संकोचू नका. रुग्णाच्या अंगावर ऑरिस असल्याचं कळलं असेल, तर दुसऱ्या रुग्णालयात हलवताना हे आधी फोन करून सांगा, म्हणजे तिथे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीची व्यवस्था होते.